पेटणारा बर्फ

पांडेसरा या गिरणीवस्तीतल्या दवाखान्यात सरलाबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी मिलच्या बॉयलरवर कोळसा टाकणारा चिंधा खोकत होता. नवऱ्याचा असलाच खोकला त्यांनी घरात बारा वर्षं ऐकला होता. चिंधासोबत त्याचा मेहुणा वाल्मिक होता, समुद्राचा तळ तपासणाऱ्या जहाजावरून सुट्टीवर आलेला.

“सापडला का रे तुझा पेटणारा बर्फ?”

“तळाशी आहे म्हणतात, दाजी. आम्ही वरून आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, साहेब लोक त्याच्या कागदावरच्या रेघा बघतात.”

“म्हणजे हातात नाही आला? मग त्या बर्फात कोंडलेला गॅस आमच्या बॉयलरला कधी मिळायचा?”

“काढायचा कसा, तेच अजून कुणाला ठाऊक नाही. वीस वर्षं तरी लागतील.”

“दिवाळीला तर दोन म्हणालास!”

“दिवाळीला काय, गप्पा मारत होतो.”

“अरे, शेठ मला कमी पगारावर गेटवर बसवत होता. दोन वर्षांत कोळसा बंदच होणार, म्हणून मी नको म्हटलं. आता तिथं दुसरा बसलाय.”

“मागच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले?”

“आजच्या आज भट्टी सोड म्हणाले.”

कंपाउंडरने नाव पुकारलं. चिंधा भिंतीला धरून उठला.

“वाल्मिक, घरी तुझ्या ताईला वीस सांगू नकोस. दोनच सांग.”