मोहाच्या पल्याड छत्री

जन्म माहा इथलाच, कुरखेड्याचा. बापाची दोन एकर धानाची बांधी, पन मले चिखलाचा कंटाळा, म्हनून ब्रह्मपुरीले जाऊन रेडिओ दुरुस्ती शिकलो आन् तवापासून गावात मेकॅनिक म्हनवून घेऊन राह्यलो. काय सांगू तुम्हाले, मेकॅनिक म्हटलं का मानूस हुशार असते असं लोकाइले वाटते. मलेही वाटे.

तर टीव्हीच्या डिशच्या छत्र्या नव्यानं आल्या तवाची गोष्ट. माय गुडघ्यानं बसून गेली होती, दाराच्या पुढं तिचं जग नाई, म्हनून म्या फागुनात छत्री आनली, घरावर बसवली, आग्नेयेकडं तोंड केलं, चित्र कसं, आरशावानी. गावभर सांगत फिरलो. आन् चैत सरता सरता चित्राचे तुकडे, मंग नुसता निळा पडदा. वायर बदलली, डबा उघडला, छत्री बोटबोट फिरवली, तीन दिवस. चवथ्या दिवशी माय खाटेवरून म्हने, बाबू, फागुनात मोहाले पानं असतेत का रे. तवा वर पाह्यलं. अंगनातला मोहा असा गच्च पालवला होता, छत्रीच्या तोंडापुढंच. जंगलात जल्मलो मी, आन् हे मायनं सांगा लागलं.

म्हटलं, दोन फांद्या छाटतो. माय म्हने, त्या मोहाचे फुलं इकून तुले पोसलं, आधी माहे हात छाट.

मोकळं आभाळ होतं ते झाडाच्या पल्याड, शेजारच्या वच्छलाबाईच्या अंगनात. आन् तिचं न् मायचं सात वर्षं बोलनं नाई. भांडन कशाचं, तर तिच्या बाजूले पडलेले मोहाचे फुलं कोनाचे. गेलो मान खाली घालून. बाई म्हने, काऊन रे मेकॅनिक, तुह्या बाजूले आभाळ कमी पडलं काय. म्हटलं, हो बाई. ती म्हने, लाव, पन इकडचं फूल माहं, हे तुह्या मायनं इथी येऊन म्हनावं. म्हटलं, बाई, माय आता दारापर्यंतच येते. बाईनं लगेच जागा दाखवली. तिले आतापर्यंत वाटे, माय रागानं अंगनात येत नाई.

छत्री तिकडं बसवली, चित्र आलं, आन् दुपारून बाई सोताच आली, खाटेच्या पायथ्याशी बसली. माय म्हने, फुलं ठेव तुहे, पन आता बोलू नको, मालिका लागते.

आता छत्री तिकडंच हाय, वायर मोहाच्या खोडाजवळून इकडं येते. दोघी रोज बसतेत, पन टीव्ही पाहते कोन, सात वर्षांचं बोलनं उरलं हाय त्याइचं. मोहा टिको, दोघी टिको. वायर तुटली तर मेकॅनिक हायेच, फकस्त कारन मायले विचारून घेतो.