मशालवाल्याची पाठ

...नाही, मी म्हणतो, बदलायचंच होतं तर हिरो बदला ना! त्याचे गुडघे गेलेत, चौघं मिळून त्याला घोड्यावर चढवतात आणि तो पडद्यावर उडी मारून चढल्यासारखा दिसतो. दिग्दर्शक बदला, तो बिचारा पहिल्या भागापासून एकच ओरडतोय, 'मागून दरड येतेय, पळा!' दरड तरी बदला, थर्माकोलची आहे, परवा माझ्या डोक्यावर आपटून परत वर उडाली. पण नाही. आमच्याकडे दर भागाला बदलणार कोण, तर कॅमेरामन. आणि तुम्हाला सांगतो, कॅमेरामन बदलला की बाकी कुणाचं काही बिघडत नाही, माझं नशीब तेवढं बदलतं.

माझं म्हणजे कोणाचं... बरोबर आहे, तुम्ही कशाला ओळखाल मला. ते खजिन्याचे सिनेमे येतात ना एकामागून एक, हिरो नकाशा घेऊन गुहेत शिरतो आणि सोबत एक माणूस मशाल धरून असतो? तो माणूस मी. पहिल्या भागापासून. सेटवर मला नाव नाही. 'मशालीला चहा दिला का रे?' 'मशाल आली का?' आली का! लग्न झालेला, टक्कल पडलेला बाप्या मी, आणि सकाळी फाटकावर वॉचमन सांगतो, 'मशाल आली.' असो. सवय झाली.

तसं मला काही नव्हतं हो. काम मिळतंय, चाललंय. पण घरी सासरे आहेत. आता सासरे म्हणजे... जन्मभर वजनमापं तपासायची नोकरी. दुकानात शिरले की दुकानदाराला घाम फुटायचा. काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सख्ख्या भावावर विश्वास ठेवला नाही या माणसानं. पाहुणे आले की माझी ओळख करून देतात, 'हे आमचे जावई. सिनेमात असतात...' मग थांबतात. चष्मा काढतात. पुसतात. '...असं म्हणतात.' असं म्हणतात! अहो, मुलगी दिलीत ना मला? का तीही दिलीय, असं म्हणतात?

तर सासऱ्यांना मी एकदा पडद्यावर दिसावं, एवढंच माझं मागणं. आणि मध्ये आडवा कोण? कॅमेरामन.

पहिल्या भागाचा कॅमेरामन अंधाराचा भक्त. म्हणे, 'गुहा आहे. गुहेत अंधारच असणार.' बरोबर आहे बाबा, पण मग तिकीट कशाचं लावता? अख्खं सासर घेऊन गेलो बघायला, आणि पडद्यावर काय, तर काळाकुट्ट अंधार आणि त्यात एक मशाल आपली आपण चाललीय. सासरे बाहेर येऊन म्हणाले, 'मशाल छान चालत होती.' तुम्ही हसताय, पण लोकांना खरंच वाटलं की मशाल मंतरलेली आहे! पत्रं आली. मग लेखकानं दुसऱ्या भागात मंतरलेल्या मशालीची गोष्टच लिहून टाकली. म्हणजे बघा, कॅमेरामननं दिवा लावला नाही आणि तिकडं लेखकाची ट्यूब पेटली.

दुसऱ्या भागाला कॅमेरामन बदलला. हा उजेडाचा. गुहेत इतका उजेड की दाताच्या डॉक्टरकडं आल्यासारखं वाटायचं, माणूस आपोआप तोंड उघडायचा. मी म्हटलं चला, आला आपला दिवस! तेवढ्यात निर्माते आले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, 'एवढ्या उजेडात मशाल कशाला?' झालं. मशाल सासऱ्यांना दिसली होती तेवढी, तीही गेली. माझ्या खांद्यावर सोन्याच्या मोहरांचं पोतं दिलं, आणि पोतं बरोबर तोंडाच्या बाजूला. आणि मंतरलेल्या मशालीची गोष्ट? तिचा झाला मंतरलेला पोपट. का, तर पोपट उजेडात चांगला दिसतो!

तिसऱ्याला कॅमेरा खांद्यावर घेऊन पळायची हौस. सासऱ्यांना घेरी आली, मध्यंतराला उठून गेले, 'मी बाहेर बसतो. तुम्ही आत असाल तर असाल.' चौथ्यानं सगळं आकाशातून घेतलं. सगळं म्हणजे गुहासुद्धा! छत कापलं हो गुहेचं. मला माझं टक्कल तेवढं ओळखू आलं, आणि ते सासऱ्यांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

मग आला पाचवा. देवमाणूस. त्याचं म्हणणं, हिरोच्या तोंडावर मशालीचा उजेड हवा, म्हणून मशालवाला हिरोच्या समोर. म्हणजे कॅमेऱ्याकडं? पाठ! अख्खा सिनेमाभर, फाटक्या सदऱ्यातून, अर्ध्या पडद्यावर माझी पाठ. थिएटरात माझी मुलगी ओरडली, 'बाबांची पाठ!' सासरे पुढं सरकून बसले. घरी आल्यावर म्हणाले, 'सदरा काढा.' मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, टेबलावरचा दिवा धरला आणि डाव्या खांद्याखालचा तीळ शोधला. बायको पदर तोंडाशी धरून उभी. मग मागून आवाज आला, 'पाठ तुमचीच आहे.'

खोटं कशाला सांगू, भिंतीकडं तोंड होतं ते बरं झालं. डोळे भरून आले होते.

त्यानंतर 'असं म्हणतात' बंद. पाहुण्यांना ठणकावून सांगायचे, 'आमचे जावई सिनेमात पाठीचं काम करतात.' आता इथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. मला तोंड दाखवायचं होतं.

आणि सहाव्या भागाला कॅमेरामन बदलला. बाई आल्या. सेटवर मुलं म्हणायची, 'कॅमेरामनसाहेब आले.' म्हणजे त्या आले, आणि मी आली! तर बाईंनी पहिल्या दिवशी सगळे दिवे विझवायला लावले. 'उजेड फक्त मशालीचा. मशाल जिकडं, चेहरा तिकडं.' सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडं बघितलं. अहो, इतके भाग झाले, हिरो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो खुर्ची घेऊन आला. स्वतः! 'बसा ना काका. पाय दुखत असतील.' त्याचे गुडघे गेलेत आणि पाय माझे दुखतायत! चहा काय, पंखा काय... आणि मग हळूच, 'तेवढी मशाल माझ्या डाव्या गालावर ठेवा हं, उजवा जरा सुजलाय.'

शेवटचा प्रसंग. हिरोला खजिना सापडतो. तो पेटी उघडतोय, तोंडानं संवाद म्हणतोय आणि मधेच दातांतल्या दातांत मला, 'इकडं... इकडं...' आणि मला काय आठवावं? सासरे. चष्मा पुसत असलेले. हात बघता बघता माझ्या तोंडाकडं वळला. हिरो गेला अंधारात, दिग्दर्शक ओरडायला लागला, आणि बाई काय म्हणाल्या? 'थांबू नका! हेच पाहिजे!' कॅमेरा घेऊन थेट माझ्या नाकाशी आल्या. नाकाशी म्हणजे मला त्या काचेत माझंच नाक दिसत होतं. हिरोला त्यांनी सांगितलं, 'खजिना सापडल्यावर गरिबाच्या डोळ्यांत काय दिसतं, तो खरा सिनेमा.' माझ्या डोळ्यांत काय होतं मला माहितीय. सासरे होते.

पहिल्या दिवशीचा पहिला खेळ. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारच्यांना घेऊन. आणि शेवटी आलं माझं तोंड. अख्ख्या पडद्यावर! पण ते भिंग की काय, ती बाईंची लेन्स... जवळून घेतलं की नाक मोठं होतं म्हणे. मोठं? नाकच नाक हो. त्या नाकाच्या मागं कुठंतरी, दोन गल्ल्या सोडून, माझे डोळे. त्यात खालून मशालीचा उजेड. माझी मुलगी घाबरून आईच्या कुशीत शिरली. बायको मला म्हणाली, 'अहो, हा नवीन घेतलाय का?'

आणि सासरे? शेवटपर्यंत चष्मा पुसून पुसून बघत होते. दिवे लागले, उठले, माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. म्हणाले, 'वाईट वाटून घेऊ नका. चालायचंच.' मग शेजाऱ्यांकडं वळले, 'आमचे जावई सिनेमात होते हो. मी स्वतः पाठ तपासलीय. या वेळी त्यांना काढलं आणि तो नाकाड्या घेतला.'

मी सांगून बघितलं, तो नाकाड्या मी आहे. सासरे म्हणाले, 'असं तुम्ही म्हणता.'

आता सातवा भाग येतोय. कॅमेरामन बदलला. परवा नवीन माणसानं बोलावलं, भला वाटला, आदरानं विचारलं, 'काका, कुठल्या बाजूनं घेऊ तुम्हाला?'

मी गुमान सदरा काढला, आणि असा वळलो...