दुपारी घरात असणारा माणूस

माझं गाव दिंडोरीच्या पुढं. आता तिकडं सगळ्या द्राक्षाच्या बागा झाल्या, पण मी ल्हान व्हतो तव्हा टमाटे, गहू, भुईमूग असलंच काय काय असायचं. आम्ही दोघं भाऊ, मी धाकटा, सोमनाथ. वडील लय कडक माणूस. शेतातून आले की चपला काढायच्या आधी पाण्याचा तांब्या समोर पाहिजे, आन् आई तो तांब्या घेऊन दारात तयारच असायची. मला त्यात काय वाटायचं नाय ताई, खरं सांगतो. सगळ्याच घरी तसं, मग वाटणार काय.

दहावी झाल्यावर आयटीआय केलं, फिटरचं, आन् नाशकात अंबडला कंपनीत लागलो. हात चांगला व्हता माझा, सुपरवायझर नाव घ्यायचा. लग्न झालं, मंगल आली. ती बारावी शिकलेली, पेपर वाचायची, परीक्षांचे फॉर्म भरायची. तेजू झाली, रांगायला लागली, आन् तव्हाच आमच्या कंपनीला कुलूप लागलं. त्याच टायमाला मंगलला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. आता बघा, एका हातानं गेलं आन् दुसऱ्या हातानं आलं, पण आलं ते बायकोच्या हातात आलं, तिथंच सगळं फिरलं.

तिची ड्यूटी सुरगाण्याची मुक्कामी गाडी. म्हंजी संध्याकाळी नाशकातून निघायची, रातभर तिकडंच गाडी थांबणार, सकाळी तिकडून भरून यायची. पोरीला कोण बघणार. मंगलची आई वारलेली. मी गावाला गेलो, म्हणलं आई तू चल. आई म्हणली, मी काय म्हणून येऊ, बायकोला सांग नोकरी सोड. घरी आलो तं मंगल खाकी कपड्याला इस्त्री करत व्हती. तिनं मान वर केली नाय, म्हणली तुमी सांगाल तसं. पण इस्त्री काय थांबवली नाय. मी म्हणलं, तू जा ड्यूटीला, मला दुसरं काम भेटंपर्यंत मी बघतो पोरीकडं.

आन् काम भेटलं व्हतं ताई, भेटलं नाय असं नाय. सातपूरला एका ठिकाणी लागलो, पण रातपाळी, आन् त्यात तेजू तापानं फणफणलेली, मंगल सुरगाण्याला, फोनला रेंज नाय. शेजारणीकडं पोर टाकून मी मशिनवर उभा, आन् माझं ध्यान त्या मशिनवर नाय. बोट जायचं राह्यलं. दुसऱ्या दिवशी गेलोच नाय. मग राह्यलं ते राह्यलं.

भाकरी मला मंगलनं शिकवली, तिच्या सुट्टीच्या दिवशी. पहिल्या पहिल्या भाकरी तेजू चेंडूसारख्या लोळवायची. पुढं जमलं सगळं, वरण-भात, पोरीच्या वेण्या, शाळेचा डबा. कामाचं काय नसतं, काम हाताला येतं. पण कोपऱ्यावरच्या टपरीपाशी माझ्याच कंपनीतली दोन-चार जण बसायची, ती म्हणायची, काय वहिनी, आज भाजी काय? मी पहिल्यांदा हसायचो. मग दुधाला पलीकडच्या गल्लीनं जायला लागलो.

माणसांचं सोडा, बायांतबी मला जागा नव्हती. उन्हाळ्यात गच्चीवर सगळ्या बाया कुरडया घालायच्या, मीबी गव्हाचा चीक शिजवून पातेलं घेऊन जायचो. सरकायच्या त्या, जागा द्यायच्या, वाईट नव्हत्या. पण मी आलो की बोलणं बंद. आता त्या सासूचं बोलणार, पोटातल्या दुखण्याचं बोलणार, माझ्यापुढं कसं बोलतील? मी एका कोपऱ्यात माझ्या कुरडया घालायचो आन् खाली यायचो, आन् जिन्यात असंल तोपर्यंत वर परत हसणं चालू झालेलं ऐकू यायचं. काय सांगू तुम्हाला, त्या जिन्यात मला लय एकटं वाटायचं. कोणाचं वाकडं केलं नाय, तरी माणसांत बसायची सोय नाय आन् बायांतबी नाय.

वडील गेले त्याच्या आदल्या साली आई एकदा इकडं आली व्हती. मी मोरीत मंगलचा खाकी ड्रेस घासत बसलेलो. आईनं बघितलं, पिशवी खाली ठेवली नाय. म्हणलं, आई पाणी घे. माझ्या हातचं पाणी नाय घेतलं तिनं. म्हणली, लोकांनी इचारलं तं कंपनीत जातो म्हणून सांगत जा. आन् तशीच स्टँडवर गेली परत.

मग वडील वारल्यावर काही वर्सांनी आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दादा, म्हंजी माझा थोरला भाऊ, त्याच्याकडं बागेची छाटणी चालू, वहिनी सकाळपासून शेतात. मी गेलो तं आई ओल्या कपड्यात पडलेली. वहिनीला तरी काय बोलणार, ती एकटी कुठं कुठं पुरणार. दादा म्हणला बाई ठेवू. बाई आली, गेली, दुसरी आली, गेली. मी म्हणलं, मी नेतो आईला. दादा म्हणला, तू? बाईमाणसाचं करायचं असतं ते सोमा, तुझ्याच्यानं कसं व्हईल? मी मंगलला फोन लावला. ती म्हणली, आणा त्यांना.

आणली. पण आई मला अंगाला हात लावू देईना. डावा हात चालायचा तिचा, त्या हातानं लुगडं घट्ट धरून ठेवायची. मंगल ड्यूटीवरून यायची, पाय सुजलेले, तशीच आईला पुसून घ्यायची. असं किती चालणार? मंगल मुक्कामाला गेली तव्हा आईच्या पाठीला लाल चट्टा दिसला मला. म्हणलं, आई, मंगल उद्या येणार, तोवर तुला असं ठेवता येत नाय. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग मी एक चादर घातली तिच्या अंगावर, आन् चादरीखालून कोमट पाण्याचं फडकं फिरवत गेलो, नजर खिडकीकडं ठेवून. गपचूप हात चालवणं अवघड वाटत व्हतं म्हणून तोंडानं काय तरी बोलत राह्यलो, गावात कोणाची म्हैस व्याली, कोणी नवीन ट्रॅक्टर घेतला. ती रडत व्हती, मला आवाजावरून कळत व्हतं. मी थांबलो नाय. शेवटी तिची मूठ सैल झाली. पाठीला पावडर लावली, कोरडं लुगडं नेसवलं, जमलं तसं. तव्हा ती बोलली. जीभ अशी जड की दुसऱ्याला समजलं नसतं. म्हणली, तू पोरगी असता तं बरं झालं असतं.

मी म्हणलं, आता काय कमी पडलं आई? मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसपाशी नुसता उभा राह्यलो. राग आला व्हता का वाईट वाटलं व्हतं, मला अजून सांगता येत नाय. तिच्या मनानं तिनं मला चांगलंच म्हणलं व्हतं. तिच्याकडं त्याच्यापेक्षा मोठा शब्द नव्हता.

पण त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली. मंगलला तव्हा जास्त करून दिवसाची गाडी असायची. दुपारी तेजू कॉलेजात, मंगल ड्यूटीवर, सगळी बिल्डिंग चिडीचूप. मी आईच्या खाटेपाशी मेथी निवडत बसायचो, तीबी डाव्या हातानं चार पानं निवडायची. काय काय सांगायची. दादाच्या आधी तिला एक पोरगी झाली व्हती, वाचली नाय, हे मला तव्हा कळलं, एवढ्या वयात. म्हणली, तुझा बाप तिला बघायलाबी आला नाय, पोरगी म्हणून. म्हणली, लगीन झाल्यापासून मला भागीरथी म्हणून कोणी हाकच मारली नाय. मी एकदा मारली, भागीरथीबाई, चहा घेता का? लाजली ती. त्या वयात, त्या आजारात, ताई, ती लाजली.

आन् एका दुपारी तिनं मला इचारलं, सोमा, तुला करमतं का रे दिवसभर?

एवढ्या वर्सांत हे मला कोणी इचारलं नव्हतं. मंगलनं नाय, तेजूनं नाय. मी म्हणलं, नाय करमत आई. ती म्हणली, मलाबी नाय करमायचं. सगळा जन्म नाय करमलं. तुझ्या बापाला सांगायची काय सोय नव्हती. मेथी तशीच मांडीवर राह्यली. मी तिच्या पोटचा, तिच्या घरात वाढलो, आन् तिला करमत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. माझ्यावर तीच दुपार आली तव्हा कळलं.

दादा एकदा भेटायला आला. आल्या आल्या बसला, म्हणला पाणी आण रे. मी उठणार तं आईनं माझा शर्ट धरला, काय तरी बोलली. दादाला समजलं नाय. मी सांगितलं, ती म्हणती हंडा आत हाय, उठून घे. दादाला मस्करी वाटली, हसला. आई काय हसली नाय. मग उठला तो, आत गेला, पेला कुठं असतो तेबी त्याला सापडंना.

थंडीच्या दिवसांत गेली आई. दुपारीच गेली, मी शेजारीच व्हतो. गावाला नेली. तिथं अंघोळ घालायची वेळ आली तं भावकीतल्या बाया म्हणल्या, सोमनाथ, तू भायेर हो, हे बायांचं काम. रोज मीच घालत व्हतो ताई, आन् शेवटच्या अंघोळीला मला भायेर काढलं. मी ओट्यावर उभा. आत त्या तिला कुशीवर वळवत असतील, मला राहवंना, दारातून म्हणलं, उजवा खांदा हळू धरा, दुखतो तिचा. आतलं बोलणं बंद झालं. मग वहिनीचा आवाज आला, धरते भाऊजी, हळूच धरते.

आता तेजू पुण्याला नोकरीला. तिच्या हाफिसात बाईमाणूस-पुरुषमाणूस बरोबरी असा काय तरी कार्यक्रम झाला, तिथं ती उठून माझ्याबद्दल बोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणली. म्हणलं, चांगलं झालं. पोरीला माझी लाज वाटत नाय, हे काय थोडं नाय. पण टाळ्या पुण्यात वाजल्या, आन् दुपार माझी इथं असती. टपरीवरची माणसं आता वहिनी म्हणत नायत, म्हातारी झाली तीबी, नुसती मान हलवतात. आईची खाट काढली, त्या जागी काय ठेवावं सुचंना, मोकळीच हाय.

मंगलची अजून काही वर्सं नोकरी हाय. दमून येती, जेवती, आन् मी आज काय झालं ते सांगायला लागलो की माझं बोलणं निम्म्यात, हिला झोप लागलेली. मला राग नाय येत. दिवसभर गाडीत ओरडून ओरडून तिचा घसा बसलेला असतो. मी लाईट बंद करतो आन् उरलेलं मनातच ठेवतो.

तेजूचं आता लग्नाचं चाललंय. पोरगा तिनंच बघितला, तो भाज्या चांगल्या करतो असं ती सांगत व्हती. करू दे. कोण भाजी करतं आन् कोण गाडीवर जातं, ते त्यांचं ते बघतील. मी आपला एवढंच म्हणतो, दिवसभराचं तिनं त्याला सांगावं, त्यानं तिला सांगावं, आन् ऐकता ऐकता दोघांपैकी कोणाला झोप लागू नये.