कडब्याची तोफ

तोफ जड झाली की रोबो तोंडावर आपटतो, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. जामखेडात आम्ही चौघं मित्र टेबलावर हातानं केलेल्या छोट्या रोबोंची लढाई खेळतो. सामना उद्यावर, आणि माझा वीतभर रोबो काही उभा राहीना.

वडील बघत होते. म्हणाले, "कडब्याच्या भेंडाची कर की. आमी बैलगाड्या करायचो, फुंकलं तरी पळायच्या."

अंगणातल्या कडब्याच्या गंजीतनं त्यांनी ज्वारीचं एक ताट ओढलं, सोलून आतला हलका भेंड काढला, बाभळीच्या काट्यांनी तोफ जोडून दिली. रोबो ताठ उभा राहिला. मी रंग आणायला आत गेलो. परत येतो तर रोबो आडवा, तोफ गायब आणि आमची शेळी निवांत रवंथ करतेय.

मी मटकन बसलो. वडील म्हणाले, "ऊठ. तोफांची अख्खी गंज हाय आपल्याकडं."