देवरामसरांचा डावा डोळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय काळुराम ठाकूरसाहेब, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी, कबड्डी संघाच्या आजी-माजी मुली, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी गोदावहिनी आणि ज्यांना निरोप द्यायला मन तयार होत नाही ते आपले देवराम भोईरसर, सर्वांना माझा नमस्कार.

सरांनी या कळव्याच्या शाळेला मिळवून दिलेल्या ढालींबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी संचिता आपटे, विज्ञान शिकवते. मला कबड्डीतलं फारसं कळत नाही. मी बोलणार आहे सरांच्या डाव्या डोळ्याबद्दल. अध्यक्षमहोदय, विषय हारतुऱ्यांत बसणारा नाही, पण सरांना विचारलंय. "बोला मॅडम, सगल्यांना म्हाईतच हाय," म्हणाले. सगळ्यांना सगळं माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी सरांना डाव्या डोळ्यापुढे सावली दिसू लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दाखवायला गेले आणि आत गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टरांनी किरणोत्सर्गी धातूची छोटी चकती डोळ्याच्या मागच्या बाजूला टाके घालून बसवली, चार दिवसांनी काढली. गाठ सुकली. पंधरवड्यात सर मैदानावर! आम्ही पेढे वाटले.

गेल्या वर्षी तपासणीत कळलं, गाठीची कड पुन्हा वाढतेय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "डोळा काढणं हा खात्रीचा मार्ग. चकती पुन्हा बसवता येईल, पण नजर राहीलच असं नाही, आणि गाठ पुन्हा उठू शकते."

त्या दिवशी सोबत मी होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "डोला जाव दे. मना मानूस पायजे." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा."

मी काय सांगायला हवं होतं? "घरी बसून दोघं ठरवा," एवढंच. पण मी दोन रात्री इंटरनेट वाचलं होतं ना! आकडे पाठ होते. जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली होती, सरांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हणाले, "डोळा वाचवा सर. पुन्हा चकती बसवू."

पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ते चार दिवस. खोलीत कोणी थांबायचं नाही. वहिनी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. मी डबा नेला. त्यांनी घेतला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर आठ महिने नाहीत.

गाठ थांबली. नजर गेली, सगळीच. डोळा ठणकतो, हे सर कुणाला सांगत नाहीत. जूनमध्ये सरावाच्या वेळी डावीकडून धावत आलेली रुचिता त्यांना दिसली नाही. दोघं आपटले, तिचं मनगट मोडलं. दुसऱ्याच दिवशी सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. मी अडवायला गेले तर म्हणाले, "अर्धा कोर्ट मना दिसत नाय. पोरींना शिकवू काय?"

सर, मी तुमच्या जागी उत्तर दिलं. ते चूक होतं की बरोबर, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण उत्तर माझं नव्हतंच, एवढं मला आता कळतं.

आणखी एक. सरांच्या यकृताची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. हा आजार तिथे पोचतो म्हणून. परवाच्या सोनोग्राफीत एक ठिपका दिसलाय. साधाही असेल. सोमवारी ठाण्याला पुढची तपासणी आहे. काल संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आठ महिन्यांनी. म्हणाल्या, "सोमवारी येवा. पन या टायमाला बोलू नका. नुसत्या बाजूला बसा."

मी जाणार आहे. नुसती बसणार आहे.

संस्थेने मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी काही जड बोलले असेन तर सभागृहाने पोटात घालावं. वहिनी, तुमच्याकडे मात्र मी आज क्षमा मागत नाही. आधी सरांचा सोमवारचा रिपोर्ट येऊ दे.

नमस्कार.