पत्र्यातली चौदावी

सौंदर्या: तेवीस माणसांसमोर, अप्पा! तेवीस माणसांसमोर तुम्ही परवा शनिवारी पत्रा कापणाऱ्या आकाराममामांना चोर म्हटलंत. आणि वर माझं नाव घेतलंत!

विरूपाक्ष: अभिमानानं घेतलं की. माझ्या पोरीनं गणितानं सिद्ध करून दिलंय, म्हटलं. सात वर्सं लोक विचारत हुते, पोरगी युनिव्हर्सिटीत काय करती? मला सांगाय येत न्हवतं. आता येतंय.

सौंदर्या: मग सांगा बघू. काय सिद्ध केलंय मी?

विरूपाक्ष: आठ बाय चार फुटाच्या पत्र्यातनं कडबा कुट्टीच्या मशिनीच्या बाजूच्या प्लेटा चौदा निघतात.

सौंदर्या: नाही.

विरूपाक्ष: न्हाई कसं? तूच जेवताना सांगितलीस.

सौंदर्या: चौदाच्या वर निघू शकत नाहीत, असं सांगितलं. कुणीही, कशाही मांडल्या तरी पंधरावी बसणार नाही. चौदा बसतातच, असं मी कधी म्हटलं? ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

विरूपाक्ष: सात वर्सं घालवलीस आणि हे माहीत न्हाई?

सौंदर्या: आपल्या जीपमध्ये दहाच्या वर माणसं बसत नाहीत. म्हणून वडगावच्या बाजारात नऊ उतरली, तर दहावं कुणी पळवलं म्हणून बोंब मारता का?

विरूपाक्ष: मला शानपना शिकवू नको. पत्र्याला चौदा, आणि आकाराम देतो तेरा. महिन्याला दोनशे पत्रं फाडतो आपण. दोनशे प्लेटा जातात कुठं?

सौंदर्या: कुठंच जात नाहीत. त्या निघतच नाहीत! मधल्या फटी भंगारात जातात. भंगाराला काटा लावलात का कधी?

विरूपाक्ष: भंगार उक्तं जातं. दर अमावास्येला मशिनीला नारळ फोडायचा आणि ढीग उचलून द्यायचा. आमच्या वडलांपासनं असंच हाय.

सौंदर्या: म्हणजे मोजायची पद्धत तुमच्याकडेच नाही, आणि चोर मात्र ते!

विरूपाक्ष: त्या ढिगात घालून रोज सात-आठ प्लेटा भाईर काढल्या तर कुणाला कळतंय? एकोणीस वर्सं ढीग त्याच्या ताब्यात हाय.

सौंदर्या: काढल्या हे कुणी बघितलं?

विरूपाक्ष: बघाय कशाला पाहिजे? तुझं गणित हाय की!

सौंदर्या: माझं गणित तसं म्हणत नाही! किती वेळा सांगू?

विरूपाक्ष: आवाज खाली. सोमवारची सुट्टी हाय, शेजारचे कारखाने बंद हाईत, सगळ्या उद्यमनगरात ऐकू जाईल.

सौंदर्या: जाऊ दे. शनिवारी तुमचा आवाज सगळीकडे गेला, तेव्हा चाललं ना?

विरूपाक्ष: बरं, मग मला एक सांग. गेल्या महिन्यात पुण्याचा तो कॉम्प्युटरवाला आलता. पत्र्यातनं सोळा काढून देतो म्हणत हुता. तू म्हणालीस, पंधराच निघत न्हाईत तर सोळा कुठनं काढणार? मी त्याला चहा पाजून वाटंला लावला. चार लाख वाचलं. तवा तुझं गणित खरं, आणि आता खोटं?

सौंदर्या: तेव्हाही खरं, आताही खरं. तुम्हीच उलटं वाचलंत. ते फक्त ‘नाही’ सांगतं, अप्पा. इथनं पुढं रस्ता नाही, उगीच पैसे घालू नका, एवढंच. त्या ‘नाही’नं तुमचे चार लाख वाचवले, आणि त्याच ‘नाही’नं तुम्ही एका माणसाचं तोंड काळं केलंत.

विरूपाक्ष: तोंड काळं मी केलं? तू बोललीस म्हणून मी इश्वास ठेवला. जन्मात पहिल्यांदा ठेवला!

सौंदर्या: हो, पहिल्यांदा! सात वर्षांत पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, ह्याचा धंद्याला उपयोग काय. मी सांगितलं, तुम्ही ताट बाजूला सारून ऐकत बसलात. इतके खूश झालात की पुढचं वाक्य मी गिळलं. चौदा निघतात का ते माहीत नाही, हे सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. म्हटलं, कशाला आता विरजण घाला? ती माझी चूक. तिचा मला इतका राग येतोय की हे सगळे कागद फाडून टाकावेत!

विरूपाक्ष: फाड की मग. भांडणं लावणारं असलं गणित पाहिजे कुणाला?

सौंदर्या: फाडते. पण त्याआधी हे घ्या.

विरूपाक्ष: हे काय? पुठ्ठं?

सौंदर्या: हा कागद म्हणजे तुमचा पत्रा. फुटाला तीन इंच. आणि ह्या तुमच्या प्लेटा, त्याच मापात कापलेल्या. एका बाजूला पोट, एका बाजूला खाच. एकावर एक चढवायची नाही. बसवा चौदा.

विरूपाक्ष: मला काय प्वार समजलीस? वीस वर्साचा असताना ह्याच हातानं कातर चालवलीया मी.

सौंदर्या: म्हणूनच म्हणते, बसवा.

(पुठ्ठ्याचे तुकडे कागदावर सरकत राहतात.)

विरूपाक्ष: अकरा.

सौंदर्या: परत.

विरूपाक्ष: ही खाच आडवी येतीया. पुठ्ठं नीट कापलं न्हाईस तू.

सौंदर्या: मापून बघा. पट्टी तुमच्याच खिशात आहे.

विरूपाक्ष: ...बारा. बारा बसली. तेरावी इथं... हॅत्! एवढ्याशासाठी! जरा कागद मोठा घेतली असतीस तर?

सौंदर्या: पत्र्याला सांगा मोठा व्हायला. आणि तेरावीचं जाऊ दे, चौदावी कुठाय? सापडली का? कुणी पळवली?

विरूपाक्ष: गप गं! दाराशी कोण हाय बघ.

सौंदर्या: मामा... आत या ना.

आकाराम: आत येत न्हाई. सुट्टीचं आलो, कुणी बघाय नको म्हणून. मालक, ह्या गोडाऊनच्या किल्ल्या. आणि ह्यो प्लेटीचा फर्मा, मोठ्या मालकांनी हातात दिल्याला. मोजून घ्या, पुन्यांदा कमी पडला म्हणशीला.

विरूपाक्ष: आकाराम, बस जरा.

आकाराम: बसाय सांगू नका. शनिवारपासनं पोटात अन्न न्हाई माझ्या. नातू विच्यारतोय, आज्जा, तुमी काय चोरलासा? काय सांगू त्याला? ताई, तुझं शिक्षान मोठं हाय, ऱ्हाऊ दे. पर ह्या हातांना एकदा तर विच्यारायचं हुतंस.

सौंदर्या: विचारायला पाहिजे होतं, मामा. चुकलं माझं. तुमची मांडणी मी कधी बघितलीच नाही. घरी बसून कागदावर करत राहिले.

विरूपाक्ष: आकाराम, तेरा कसं बसवतोस तू? हितं, ह्या पुठ्ठ्यावर दाव.

आकाराम: परीक्षा घेताय व्हय माझी?

विरूपाक्ष: न्हाई रं. मला जमंना झालंय.

आकाराम: ...सरका. ह्या दोन अशा उलट्यासुलट्या, एकीचं पोट दुसरीच्या खाचंत. अशा पाच जोड्या. झाल्या धा. मग ह्या कडंला दोन, जरा तिरप्या. आणि ही तेरावी खाली आडवी. ही फट ऱ्हाती. बघा.

सौंदर्या: ह्या दोन तिरप्या का?

आकाराम: सरळ ठिवल्या की तेरावी बसत न्हाई. तीन वर्सं गेली ते कळाय. त्याआधी बाराच निघायच्या, मालकास्नी आठवत असंल.

विरूपाक्ष: ...व्हय. वडील असताना बाराच निघायच्या.

आकाराम: आणि ह्या फटीकडं तवापासनं बघतोय मी. घरात ह्येच तुकडं हाईत माझ्याकडं, पत्र्याचं. दर सोमवारी जमिनीवर मांडतो. म्हातारी म्हनती, सुट्टीला तरी सोडा की त्यास्नी. चौदावी मलाबी पाहिजे हुती, मालक. चोराय न्हवं. बसवाय.

सौंदर्या: अप्पा, ऐकलंत? मला युनिव्हर्सिटी ज्याच्यासाठी पगार देते, ते हे काम आहे. मामांनी ते सुट्टीच्या दिवशी फुकट केलं. पत्र्यामागं एक प्लेट जास्त दिली त्यांनी तुम्हाला, महिन्याला दोनशे. आणि तेवढ्याच दोनशेंच्या चोरीचा आळ तुम्ही त्यांच्यावर घातलात!

विरूपाक्ष: कळलं. सारखं सारखं मारू नको. आकाराम, उद्या कामावर ये. किल्ल्या ठेव तुझ्याकडं.

आकाराम: न्हाई.

विरूपाक्ष: पगार वाढवतो.

आकाराम: पगार कुनी मागिटला? तेवीस मानसांम्होरं बोललासा. आता बंद कारखान्यात गुपचूप ‘ये’ म्हंताय?

विरूपाक्ष: मग उद्या आठला सगळ्यांसमोर सांगतो, हिशेबात चूक झाली म्हणून.

सौंदर्या: कुणाच्या हिशेबात?

आकाराम: तेच की. पोरीच्या हिशेबावर ढकलू नका. ती न्हवती आली मला चोर म्हनाय. तोंड तुमचं हुतं.

विरूपाक्ष: मालक हाय मी. तेवीस माणसांसमोर नाक घासू म्हणतोस?

आकाराम: नाक घासू नका. खरं बोला. न्हाईतर ह्या किल्ल्या हितं ठेवल्या, मी चाललो.

सौंदर्या: मीही चालले. उद्यापासून ह्या कारखान्याचा एक आकडा मला विचारायचा नाही.

विरूपाक्ष: थांबा की दोघंबी! जरा थांबा... आकाराम, किल्ल्या उचल. उद्या आठला ये. सांगतो मी.

आकाराम: काय सांगनार?

विरूपाक्ष: सांगतो... मी स्वतः बसवून बघितल्या. बारा बसल्या.