ताईने भरायची फी

प्राण्यांच्या दवाखान्यात माझा नंबर सातवा होता. शेजारच्या बाकावर टोपलीत बोका घेऊन बहीण-भाऊ बसले होते.

"ताई, हा शेवटचा कोर्स. प्राण्यांच्या डॉक्टरांचा मदतनीस. दोन वर्षं, फी ऐंशी हजार."

"आणि नंतर पगार?"

"सुरुवातीला बारा हजार."

"म्हणजे फी फिटायला सात महिने. तेही तू हवा खाऊन राहिलास तर."

"त्याची सवय आहे मला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलं होतं ना."

"त्या दुरुस्तीच्या कोर्सचे पैसेही मीच भरले. तेव्हापासून घरातला एक फोन धड नाही."

"म्हणून तर जनावरांकडे वळतोय. ती तक्रार घेऊन परत येत नाहीत."

"चावतात."

"गिऱ्हाइकंही चावायलाच यायची. इथे निदान तोंडाला जाळी बांधता येते."

आतून मदतनीस मुलीने हाक मारली. "बोक्याला इंजेक्शन द्यायचंय. धरायला एकजण या."

"जा. तेवढाच सराव."

"सुई बघितली की मला भोवळ येते गं. ते पहिल्या वर्षी शिकवत असतील."

ताई टोपली आणि टॉवेल घेऊन आत गेली. पाच मिनिटांत बाहेर आली, मागोमाग ती मुलगी.

"काकू, मांजर असं गुंडाळायला आम्हाला सहा महिने लागले. तुम्ही कुठे शिकलात?"

"हा माझा भाऊ लहानपणी औषध घ्यायचा नाही."

भाऊ बराच वेळ टोपलीचं झाकण नीट लावत राहिला.

"ताई, फी भर. पण फॉर्मवर नाव तुझं घाल."